धावदोऱ्याची ऊब

बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये, भाताची झोडणी उरकली की अंगणात जुनी लुगडी पसरली जातात. विरलेल्या जागी ठिगळ, वर-खाली त्यातल्या त्यात धड कापड आणि कडेकडून मध्याकडे चौकोनात फिरत जाणारा धावदोरा. एवढ्यातून गोधडी तयार होते.

जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसे, म्हणून सुती कापड मोलाचे. तेथील शेतकरी स्त्रियांनी निळीत रंगविलेल्या जीर्ण कापडांचे थर पांढऱ्या दोऱ्याने असेच शिवले. या कामाला ‘साशिको’ म्हणतात. शब्दाचा अर्थ, बारीक टोचणी. पुढे त्यातून भौमितिक नक्षी फुलली आणि आज ती देशोदेशी कलाकुसर म्हणून विकली जाते. टाका दोन्हीकडे एकच. याला अपरिग्रह म्हणणे सोपे आहे; मुळात ती निकड होती.

गोधडीचा भाव मात्र अजून चिंध्यांवरून ठरतो. कापडाच्या पेढीवर वाराचा हिशेब चोख असतो, पण हजारो टाक्यांची मजुरी कोणत्या खात्यात मांडावी, हे कोणी ठरविलेले नाही. त्यात सुती लुगडे दुर्मीळ झाले. नायलॉनची साडी सुईखाली घसरते, घाम टिपत नाही. म्हणून आता गोधडीसाठीही नवे सुती कापड बाजारातून आणावे लागते.