नांव नसलेलें फूल

सन 2024 च्या एप्रिल महिन्यांतील गोष्ट. आठवीच्या वर्गांत मी फळ्यावर फुलाचे भाग लिहीत होतों. इतक्यांत एक विद्यार्थिनी पुढें आली व तिनें माझ्या मेजावर बोटभर उंचीची एक काडी ठेविली. काडीस पान नव्हतें; शेंड्याला मात्र चारदोन लहान फुलें होतीं. आमच्या सानपाड्याच्या पूर्वेस पारसिकच्या डोंगराची रांग आहे, तेथून तिनें ती आणिली होती.

"सर, डोंगरावर गवत जळालें, त्या काळ्या जागेंत हें उगवलें. ह्याचें नांव काय?"

मला नांव ठाऊक नव्हतें. तसें सांगितलें असतें तर कांहीं बिघडलें नसतें; परंतु 'मला ठाऊक नाहीं' हे शब्द शिक्षकाच्या तोंडून सहसा निघत नाहींत. "रानटी तण आहे, टाकून दे," असें म्हणून मी पुनः फळ्याकडे वळलों. तिनें तें मुकाट्यानें टोपलींत टाकलें.

त्याच वर्षाच्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक वृत्त वाचलें आणि ती काडी एकदम डोळ्यांपुढें उभी राहिली. तळेगांव दाभाड्याच्या माळरानांवर वनस्पतिशास्त्रास सर्वस्वी नवीन अशी एक जाति सांपडली होती. तळेगांवचे आदित्य धारप, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे डॉ. मंदार दातार व भूषण शिगवण यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें शास्त्रीय नांव 'डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा', म्हणजे अनेक रूपांची. आपला अडुळसा, कोरांटी व सह्याद्रीवरील कारवी ज्या कुळांतील, त्याच कुळांतील ही वनस्पति. हिचा फुलोरा कणसासारखा असतो. भारतांतील तिच्या इतर भगिनींत तसा तो आढळत नाहीं. तिचे जवळचे आप्त आफ्रिकेंत आहेत.

परंतु मला थक्क केलें तें निराळ्याच गोष्टीनें. ही वनस्पति वर्षांतून दोन वेळां फुलते. पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरपासून एकदां; आणि उन्हाळ्यांत माळावरचें गवत पेटून सर्व राख झाल्यावर, मे-जूनच्या सुमारास, दुसऱ्यांदा. वरचें सारें जळालें तरी जमिनींतील तिचें काष्ठमय मूळ जिवंत राहतें व त्यांतून ठेंगणे, फुलांनीं भरलेले कोंब वर येतात. हें एकदां पाहून संशोधकांनीं निर्णय दिला नाहीं. 2020 मध्यें पहिले नमुने घेतल्यावर त्यांनीं कांहीं वर्षें तीच झाडें ऋतूऋतूंतून पाहिलीं, आणि मगच नांव दिलें.

आमच्या डोंगरावरील काडी तीच होती, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. ती एखादी नित्याची, पुस्तकांत शंभर वर्षांपूर्वींच नोंदलेली वनस्पतिही असेल. परंतु मीं ती पाहिलीच नाहीं, हा माझा अपराध आहे. तळेगांवच्या माळावरून आजवर गुराखी गेले, गवत कापणारे गेले, शिकलेलेही गेले असतील. झाड तेथेंच होतें. थांबून विचारणारा तेवढा हवा होता. माझ्या वर्गांत असें विचारणारी एक मुलगी होती आणि तिला मीं गप्प केलें.

म्हणून 2025 च्या मे महिन्यांत, सुटी असतांही, त्या मुलीला व तिच्या चार सोबत्यांना घेऊन मी तो उतार चढलों. जळालेल्या गवतांत दोन तऱ्हेचे कोंब फुललेले आढळले. आम्हीं ते उपटले नाहींत. वहींत चित्रें काढिलीं, दिनांक व जागा लिहिली, आणि नांवाच्या रकान्यांत सर्वांसमक्ष मीं स्वहस्तें 'ठाऊक नाहीं' असें लिहिलें. मुलगी हंसून म्हणाली, "सर, मग आतां शोधूं या."

विद्यार्थी मित्रहो, ह्यावरून डोंगरास आग लावणें चांगलें असें मात्र कोणीं समजूं नये. अवेळीं व वारंवार लागलेल्या वणव्यांत घरटीं, पिलें व कोंवळीं रोपें होरपळून जातात. तसेंच, माळरान म्हणजे पडीक जागा, हीही समजूत सोडिली पाहिजे. ज्या जमिनीला आपण ओसाड म्हणतों, तिच्या पोटांत कोणतें मूळ जिवंत आहे हें कोणास ठाऊक?

वही शाळेंत ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर, सर्वांत वर, एक ओळ मीं मागाहून घातली आहे: 'एप्रिल 2024, पारसिकचा डोंगर, नांव ठाऊक नाहीं, नमुना शिक्षकानें टाकून देवविला.'