समुद्र दिसणारी खोली

रजेच्या छापील अर्जात 'रजेचे कारण' असा एक रकाना असतो. गेल्या आठवड्यात त्या रकान्यात मी 'विश्रांती' हा शब्द लिहिला, खोडला आणि त्याजागी 'कौटुंबिक' असे लिहिले. खोडण्यास काही सयुक्तिक कारण नव्हते. आजारपण, घरचे कार्य, चर्चासत्र ही कारणे त्या रकान्याच्या परिचयाची आहेत; काहीही न करण्यासाठी सात दिवस हवे आहेत असे लिहिताना हात अडखळला, एवढेच.

पत्नीने मांडलेला बेत साधा होता. अंदमान द्वीपसमूहातील स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरपर्यंत ज्याचे नाव हॅवलॉक होते ते बेट, येथे पाच दिवस राहायचे. पहाटे किनाऱ्यावर फिरायचे, दुपारी झोपायचे आणि सोबत एकही पुस्तक न्यायचे नाही. शेवटची अट अर्थातच माझ्यासाठी होती. हातात पेन्सिल नसताना मी गेल्या कित्येक वर्षांत काही वाचलेले नाही. मुलीने वाढदिवसाला लिहून दिलेल्या चार ओळींतल्या एका शब्दाखालीही मी नकळत रेघ ओढली, तेव्हा मुलगी काही बोलली नाही, पत्नी बोलली. हा बेत त्या दिवसाचा आहे.

बेत आखायला बसल्यावर पहिली अडचण आली ती दिनदर्शिकेची. आमच्या सुट्या आणि त्या बेटाचे ऋतुमान यांचे जुळत नाही. दिवाळीच्या सुटीत तेथे ईशान्य मोसमी पाऊस आणि वादळांचा काळ. उन्हाळ्याची सुटी उत्तरपत्रिका तपासून हाती येते तोवर नैर्ऋत्य मोसमी वारे तेथे पोहोचलेले असतात, कारण केरळच्याही आधी ते अंदमानात शिरतात. डिसेंबरअखेर हवा उत्तम, पण गर्दी. म्हणून फेब्रुवारी ठरला आणि म्हणून रजेचा अर्ज. विमानाने चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला जायचे आणि तेथून बोटीने दीड-दोन तासांत बेटावर. आपल्या प्रमाणवेळेच्या रेषेपासून ही बेटे इतकी पूर्वेला आहेत, की फेब्रुवारीतही सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. फिरण्याचे तास मी त्याप्रमाणे मांडले, त्यांना क्रमांक दिले, समासात टीपा केल्या. पत्नी म्हणाली, "तू सहल आखत नाहीस, अभ्यासक्रम आखतो आहेस."

दुसरी अडचण आली ती माहितीपत्रकांची. ती एकापाठोपाठ एक वाचताना जाणवले, की त्यांची शब्दकळा अगदी मोजकी आहे: शांत, निर्जन, अस्पर्शित, निळेशार. यांतील कोणताही शब्द कोणत्याही उष्णकटिबंधीय बेटाला लावता येईल. तेथील किनारे क्रमांकांनी ओळखले जातात. प्रसिद्ध राधानगरचा किनारा हा सातवा. आणि जवळजवळ प्रत्येक निवासात 'समुद्र दिसणारी खोली' हा वेगळा, अधिक दराचा प्रकार आहे.

या शब्दांपाशी मी थांबलो. 'माझी जन्मठेप' मी अनेक वर्षे वर्गात शिकविले आहे आणि ते शिकविताना सेल्युलर जेलच्या रचनेचे चित्र फळ्यावर काढले आहे. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या फाकलेल्या सात शाखा, जवळजवळ सातशे एकांत कोठड्या आणि एका शाखेचे दर्शनी गज समोरच्या शाखेच्या पाठीकडे वळलेले, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये. कोठडी सुमारे साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद. तिचा झरोका जमिनीपासून तीनएक मीटर उंच. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेला हा तुरुंग समुद्राच्या अगदी काठावर उभा आहे. बेटावर, पाण्याने वेढलेल्या जागी माणसाला ठेवायचे आणि त्याला पाणी दिसू द्यायचे नाही, असा तो हिशेब होता. समुद्र न दिसणारी खोली ही त्या काळची शिक्षा. समुद्र दिसणारी खोली हा आजचा दर.

मराठी वाचकाला अंदमान हे नाव प्रथम भेटते ते याच तुरुंगाच्या वाटेने. सावरकर १९११ ते १९२१ तेथे होते आणि त्यांच्या लेखनामुळे 'काळे पाणी' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत एका स्थळाला कायमचा चिकटला. त्यामुळे तेथे सुटीसाठी जाणे मला काही दिवस अप्रशस्त वाटत राहिले. 'सुटी' आणि 'सुटका' हे दोन्ही शब्द 'सुटणे' याच क्रियापदाच्या घरचे. ज्या जागेचा आपल्या साहित्यातील अर्थच सुटका नसणे असा आहे तेथे सुटी घालवायची कशी, हा माझा पेच होता. तो मला नैतिक पेच वाटत होता. विचारान्ती लक्षात आले, की तो मुख्यतः वाचनाचा पेच होता.

काळ्या पाण्याची संहिता आणि निळ्या पाण्याची जाहिरात यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. एकीमागे दहा वर्षांची यातना आहे, दुसरीमागे व्यापार. तथापि मी ज्या रीतीने या दोन्ही वाचल्या, त्या रीतीत एक साम्य निघाले. दोन्ही वाचनांत माझ्या बेटावर रहिवासी नव्हते. स्वराज द्वीपावरील वस्ती प्रामुख्याने पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांची आहे. १९५० च्या दशकात त्यांना तेथे जमीन देऊन वसविण्यात आले. जंगल तोडून त्यांनी भात, नारळ, सुपारी केली आणि गावांना नावे दिली: गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. घर गमावून आलेल्या माणसांनी परक्या समुद्राकाठी वृंदावनातली नावे मांडली आणि पर्यटनाने किनाऱ्यांना क्रमांक दिले. त्यांच्या लेखी हे बेट तुरुंगही नव्हे आणि विश्रामस्थानही नव्हे. माझ्या फळ्यावरील चित्रात त्यांना जागा नव्हती.

राजन नावाच्या हत्तीची हकिकत याच सुमारास वाचनात आली. लाकूडतोडीच्या कामासाठी आणलेल्या या हत्तीला बेटांमधले पाणी पोहून पार करायला शिकविले होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लाकूडतोडीवर निर्बंध आले आणि त्याचे काम गेले. पुढे तो हॅवलॉकच्या समुद्रात प्रवाशांसाठी आणि छायाचित्रकारांसाठी पोहत असे. २०१६ साली तो गेला. त्याचे पाण्यातले छायाचित्र पाहणाऱ्याला मुक्त क्रीडेचा भास होतो. प्रत्यक्षात ती कामावर शिकलेली हालचाल होती. माझे वाचनही बहुधा असेच झाले आहे.

आपल्या काव्यशास्त्रात विश्रांती हा शब्द लाजिरवाणा नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीचे वर्णन करताना संविद्विश्रांतीची भाषा वापरली आहे आणि या प्रतीतीआड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक म्हणजे आपल्याच सुखदुःखाच्या अधीन होणे. त्यावर गायन, वादन, सुशोभित मंडप हा उपाय. माहितीपत्रकांतील झोपाळा आणि शहाळे हे या उपायाचेच दूरचे वंशज म्हणता येतील. दुसरे एक विघ्न म्हणजे विशिष्ट देशकालाचा आवेश, 'हे माझे' किंवा 'हे त्याचे' असा आग्रह. ते साधारणीकरणाने दूर होते. येथे मात्र माहितीपत्रकाची आणि रंगभूमीची वाट वेगळी होते. माहितीपत्रक देशकाल पुसून टाकते, म्हणजे बेट कोणतेही बेट होते. नाट्यात विशिष्ट विभाव-अनुभाव डोळ्यांसमोर ठेवूनच प्रेक्षक त्यांच्या पलीकडे जातो. राम राम असतो, म्हणूनच त्याचा शोक सर्वांचा होऊ शकतो. पुसून मिळते ती गुंगी. जाणून घेऊन मग जी निवांतता येते तिला विश्रांती म्हणावे, असे मला वाटते. अर्थात हा माझा अन्वयार्थ आहे आणि रजेवर जाऊ पाहणाऱ्याचा असल्यामुळे तो थोडा सोयीचाही असू शकेल.

बेताचा क्रम मात्र या विचाराने बदलला. सेल्युलर जेल परतीच्या दिवशी, वेळ उरला तर पाहावा असे मी आधी लिहिले होते. आता तो पहिल्या दिवशी आहे. मूळच्या सात शाखांपैकी तीनच उभ्या आहेत. १९७९ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. एका कोठडीत थोडा वेळ उभे राहून झरोक्याकडे पाहायचे आणि मग बोट पकडायची. पत्नीची संमती आहे. अट एकच, की बोटीत मी त्यावर व्याख्यान देऊ नये.

समुद्र दिसणारी खोली आम्ही घेतलेली नाही. राधानगरच्या बाजूला एका कुटुंबाने दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत, त्यांतली एक ठरविली. दारासमोर सुपारीची बाग आहे. समुद्र दहा मिनिटांच्या चालीवर. घरमालकीण फोनवर पत्नीशी हिंदीत बोलल्या, जेवणाचे विचारले, मासे चालतात का ते विचारले आणि आम्ही तेथे काय काय पाहणार आहोत, असेही विचारले. पत्नीने सांगितले, "काही नाही, आराम करणार." पलीकडून त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग पाच दिवस पुरणार नाहीत.

रजा मंजूर झाली आहे, 'कौटुंबिक' या कारणाखाली. पेन्सिल घरी ठेवायची की खिशात, हे अद्याप ठरलेले नाही.