वाट वाकडी करून

वाट वाकडी करून कोणी आपल्याकडे आलं की आपल्याला बरं वाटतं. पण कोणाकडेच जायचं नसताना, पदरचे पैसे घालून, मुद्दाम वाट वाकडी करणारी माणसंही असतात. मी त्यातलाच एक. डिसेंबर २०१७ मध्ये मी इंदूरहून निघालो, दोन दिवसांत सात विमानांत बसलो आणि परत इंदुरातच उतरलो. काम म्हणाल तर काहीही नव्हतं. मंडळी, ग्रुपवर वाड्यांच्या, शाळांच्या, गणपतीच्या आठवणी बऱ्याच झाल्या, म्हणून ही जरा हवेतली आठवण. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे खूळ काय आहे ते सांगतो. १ मे १९८१ ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनाच्याच तारखेला, अमेरिकन एअरलाइन्सनं नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना काढली. जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, पुरेसे साठले की तिकीट फुकट. बाकीच्या कंपन्या मागोमाग आल्याच. पुढे त्यावर पायऱ्या चढल्या: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. युनायटेडच्या पहिल्या पायरीला बरीच वर्षं साधा हिशेब होता, वर्षभरात २५ हजार मैल किंवा ३० उड्डाणं. पायरी चढलात की वेगळी रांग, जास्तीची बॅग, लाउंज. आणि पुढच्या वर्षी मोजणी पुन्हा शून्यापासून.

यातली मेख अशी की मैल मोजताना तुम्ही का उडालात हे कोणी विचारत नाही. म्हणून डिसेंबर आला की ज्यांना थोडंसंच कमी पडत असे ती माणसं स्वस्तातलं, लांबचं, मध्ये दोन-तीन ठिकाणी उतरणारं तिकीट शोधायची. जायचं, विमानतळावरच फिरायचं, पुढच्या विमानानं परत. अमेरिकेत याला ‘माइलेज रन’ म्हणतात. आपल्या आज्या चातुर्मासात पिंपळाला लक्ष प्रदक्षिणा घालायच्या आणि शेंगदाणे मोजून हिशेब ठेवायच्या, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे शेंगदाणे कंपनी मोजते.

आता माझ्यासारखा पीथमपूरच्या कारखान्यातला माणूस या भानगडीत कसा पडला? आमची कंपनी पॅकिंगची मशीनं बनवायची आणि ती बिघडली की मी दुरुस्तीला जायचो. तेव्हा इंदूरहून फार कमी गावांना थेट विमान होतं. कुठेही जायचं म्हणजे एकतर मुंबईवरून नाहीतर दिल्लीवरून. एका कामाला जाऊन-येऊन चार उड्डाणं. गावाचं हे दुखणंच, पण उड्डाणं मोजायची म्हटलं तर तेच भांडवल! तसा थेट रस्ता आपल्याकडे नवाच. १९३७ साली टाटांची मुंबई-दिल्ली हवाई सेवा सुरू झाली, तीसुद्धा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे मुक्काम घेत जायची. ग्वाल्हेरकरांनी नोंद घ्यावी.

तर त्या वर्षी गोल्डला मला सात उड्डाणं कमी पडत होती. एरवी मी सोडून दिलं असतं. पण त्याच दिवाळीत टोरोंटोहून फोन आला, की मावशीची किमो सुरू झाली. आई आणि मावशी दोघीच बहिणी. मावशी तिकडे गेली त्याला तीस वर्षं झाली होती. आई तेव्हा ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे बोलून राहिले होते. तरी म्हणाली, “उन्हाळ्यात मला घेऊन चल. तिला म्हणावं तोवर थांब.”

इंदूरहून परदेशात जाणाऱ्यांना दिल्लीची रात्र माहीत असेल. इंदूरचं शेवटचं विमान तुम्हाला रात्री दिल्लीत सोडतं आणि परदेशाचं विमान मध्यरात्रीनंतर. मधले पाच तास त्या थंड खुर्च्यांवर, पाय लोंबकळत. आईला अर्धा तास पाय खाली सोडून बसलं तरी सूज यायची. गोल्ड कार्डावर लाउंजमध्ये एका माणसाला सोबत नेता येतं, जास्तीची एक बॅग मिळते, आणि विमान चुकलंच तर वेटिंगमध्ये नंबर आधी लागतो. या शेवटच्या गोष्टीवर माझा जास्त डोळा होता. ७२ वर्षांची बाई सोबत असताना ‘उद्या या’ हे शब्द परवडणारे नसतात.

बायकोनं कागद-पेन घेऊन हिशेब केला. सात तिकिटांचे २१ हजार. लाउंज आणि बॅग वेगळे पैसे भरून घेतले असते तरी चार हजार वाचत होते. “अहो, एकवीस हजार घालून तुम्ही येऊन कुठे राहिलात, तर घरीच!” मी म्हटलं, वेटिंगचा नंबर विकत मिळत नाही. ती म्हणाली, “बरं, स्वेटर घ्या.” आमच्याकडे यालाच परवानगी म्हणतात.

वर्ष ३१ डिसेंबरला संपत होतं. २९ आणि ३० ची तिकिटं काढली, ३१ तारीख अडीअडचणीला राखून ठेवली. पहिल्या दिवशी इंदूर-मुंबई, मुंबई-नागपूर, नागपूर-दिल्ली. दुसऱ्या दिवशी दिल्ली-हैदराबाद, हैदराबाद-मुंबई, मुंबई-दिल्ली आणि दिल्ली-इंदूर. साडेपाच हजार किलोमीटरच्या वर अंतर भरलं. सामान एकच, पाठीवरची पिशवी. बॅग टाकायची नाही हा पहिला नियम, कारण तिकिटं सुटी सुटी. एक विमान उशिरा आलं तर पुढचं तुमच्यासाठी थांबत नाही, आणि ते तिकीट बुडालं की बुडालं. म्हणून दोन विमानांच्या मध्ये मोकळा वेळ ठेवायचा. हैदराबादला मी चार तास ठेवले होते आणि त्याला कारण होतं.

पहिला दिवस मजेत गेला. नागपूरच्या विमानात शेजारी एक काका होते. म्हणाले, “नागपूरला कोणाकडे जाऊन राहिले?” मला इतकं बरं वाटलं! पुण्यात मी ‘जाऊन राहिलो’ म्हटलं की लोक हसतात. इथे माणूस आपल्याच बोलीत विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नाही. म्हटलं, “कोणाकडेच नाही, तिथून दिल्लीला.” “मग मुंबईहून सरळ दिल्लीला नाही का गेले?” सगळा प्रकार सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही हजेरी लावून राहिले.” याहून नेमकी व्याख्या मला अजून कोणी सांगितलेली नाही. नागपूरला उतरून संत्रा बर्फीचा डबा घेतला आणि दोन तासांनी दिल्लीच्या विमानात बसलो.

दिल्लीत रात्री मित्राकडे झोपलो. पहाटे उठून पाहतो तर बाहेर काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, समोरचा दिव्याचा खांबसुद्धा नाही. डिसेंबर अखेरचं दिल्लीचं धुकं. सात वाजताचं विमान आठ, मग नऊ, मग ‘सूचना दिली जाईल’. विमानतळावर लोक जमिनीवर चादरी टाकून बसले होते. एक म्हातारे जोडपं एकाच खुर्चीवर आळीपाळीनं बसत होतं. त्यांच्याकडे बघत मी दर दहा मिनिटांनी मनात पुढच्या विमानांची बेरीज-वजाबाकी करत होतो.

साडेदहाला उडालो. पावणेएकला शमशाबादला टेकलो. पुढचं विमान एक पन्नासचं. ते चार तास मी आत्यासाठी ठेवले होते. आत्या काचीगुड्याला राहते, लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. विमानतळाबाहेर बसू, बोलू असं ठरलं होतं. ती आतेभावाला घेऊन सकाळी साडेनऊपासून येऊन उभी होती.

आगमनाच्या दारातून बाहेर पडून प्रस्थानाच्या दारात शिरायचं, एवढ्या वाटेत जे काही भेटायचं ते. मी पळतच आलो. आत्यानं लांबून पाहिलं आणि तीही माझ्याबरोबर चालायला लागली, ७५ वर्षांची बाई. चालता चालताच पिशवी दिली. ज्वारीच्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, वहिनीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, उस्मानिया बिस्किटं. “किती वाळलास रे. घरी नाही येत का?” “आत्या, विमान आहे.” “हौ, ते दिसून राहिलं. पण जाऊन कुठे राहिलास?” “घरी.” “आणि आलास कुठून?” “घरूनच.” ती उभीच राहिली. मग आतेभावाला म्हणाली, “ह्याला काही नक्को विचारू. जाऊ दे त्याला.” आणि दाराशी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पाच मिनिटं झाली असतील, सहा नाहीत. साडेतीन तास उभी होती ती त्यासाठी.

मी विमानात बसलो तेव्हा दार बंदच होत होतं. मुंबईपर्यंत पिशवी मांडीवर धरून होतो, वरच्या कप्प्यात ठेवायचं सुचलंच नाही. उरलेली दोन विमानं वेळेवर मिळाली आणि रात्री दहाला बिजासन टेकरीचे दिवे खाली दिसले.

आई जागी होती. बर्फी, बिस्किटं, भाकऱ्या समोर मांडल्या. तिनं सगळा रस्ता विचारून घेतला आणि म्हणाली, “ही तर परिक्रमाच झाली. निघालास तिथेच आलास.” आपल्याकडे ओंकारेश्वर, महेश्वर जवळ, त्यामुळे परिक्रमावासी घराघरांत माहीत. पण लगेच पुढचा प्रश्न: “नर्मदा किती वेळा ओलांडलीस?” नकाशा काढून मोजलं. इंदूर-मुंबई एक, नागपूर-दिल्ली दोन, दिल्ली-हैदराबाद तीन, मुंबई-दिल्ली चार. “मग नाही चालायचं. परिक्रमेत मैया ओलांडत नाहीत.” एवढं बोलून तिनं बर्फीचा तुकडा तोंडात टाकला.

मे महिन्यात आम्ही निघालो. जास्तीची बॅग मिळाल्यामुळे सामान पाच बॅगांचं झालं. चार बॅगांत सांडगे, कुरडया, मेतकूट, गोडा मसाला, इंदूरची शेव. पाचव्या बॅगेत जुन्या साड्यांत गुंडाळलेला आजीचा पितळी खलबत्ता. आजी गेली तेव्हा वाटणीत तो मावशीकडे आला होता आणि ‘पुढच्या वेळी नेते’ म्हणत आमच्याच माळ्यावर राहिला होता. एवढं जड तिकडे कोण नेणार, असं दर वेळी व्हायचं.

दिल्लीच्या लाउंजमध्ये आईनं आधी सगळीकडे फिरून पाहिलं. वरण-भात घेतला. “हे फुकट?” मी म्हटलं हो. “फुकट कसं, सात विमानांचं ना!” मग लांब खुर्चीवर पाय वर करून झोपली. मी तिच्या पावलांकडे बघत बसलो. उठली तेव्हा सूज नव्हती.

टोरोंटोच्या तीन आठवड्यांबद्दल फार लिहीत नाही. दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसून दिवसभर बोलायच्या. मावशीला जेवण जात नव्हतं, पण मेतकूट-भात दोन घास खायची. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. आई तेव्हा रडली, पण ‘भेट राहिली’ असं एकदाही म्हणाली नाही.

गोल्ड कार्ड वर्षभरानं उतरलं. पुन्हा प्रयत्न केला नाही, गरज संपली होती. आता तर खेळच बदलला. अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेडनं २०१५ साली आणि अमेरिकननं २०१६ साली मैल अंतरावर न देता खर्चावर द्यायला सुरुवात केली. पायऱ्याही हळूहळू पैशांकडे वळल्या आणि आपल्याकडचे नियम त्याच वाटेनं गेले. कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर बरोबरच आहे, २१ हजारात सात वेळा बसणाऱ्यापेक्षा एकदाच लाखाचं तिकीट काढणारा त्यांना परवडतो. पण जुन्या हिशेबात आपल्यासारख्यांना एक फट होती. पैसे थोडे असले तरी चालायचं, नकाशा वाचता यायला हवा आणि धीर हवा. थेट विमान नसलेल्या गावातला माणूससुद्धा हजेरी लावून लावून पुढच्या रांगेत जाऊ शकत होता. आता तो मान मोजून मिळत नाही, मोजून द्यावा लागतो.

लोक विचारतात, फायदा झाला का? बायकोचा चार हजारांचा आकडा आजही बरोबर आहे, आणि वेटिंगच्या नंबरची वेळ आलीच नाही. पण त्या २१ हजारांत दिल्लीची एक रात्र आली, आत्याची पाच मिनिटं आली, आणि तो खलबत्ता एकदाचा पोचला. मावसबहीण परवा फोनवर सांगत होती, तिची मुलगी त्यात वेलची कुटते आणि आवाज फार होतो म्हणून खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात.