ग्लॉस्टर : गोदी, कॅथेड्रल आणि एक पेढी

इंग्लंडच्या पश्चिम भागात सेव्हर्न नदीच्या काठी ग्लॉस्टर हे प्राचीन नगर वसले आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून रेल्वेने सुमारे दोन तासांत तेथे पोहोचता येते. इ. स. ९७ च्या सुमारास रोमनांनी निवृत्त सैनिकांसाठी येथे वसाहत स्थापिली. नगराच्या मध्यावर एकत्र येणारे चार रस्ते आजही चार दिशांच्या वेशींच्या नावांनीच ओळखले जातात.

कॅथेड्रलचा ६९ मीटर उंच मनोरा दुरूनच लक्ष वेधून घेतो. मूळच्या ख्रिस्ती मठाच्या या वास्तूचे बांधकाम १०८९ मध्ये सुरू झाले. १२१६ मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा राज्याभिषेक येथे झाला. १३२७ मध्ये पदच्युत राजा दुसरा एडवर्ड याचे दफनही येथेच झाले. त्याच्या समाधीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंच्या दानातून वास्तूचा विस्तार झाला, असे परंपरा सांगते. चौदाव्या शतकातील पूर्वेची भव्य रंगीत काचेची खिडकी आणि मठाच्या ओवऱ्यांवरील पंख्यासारखे उलगडत जाणारे दगडी छत पाहताना अनाम कारागिरांपुढे मस्तक आपोआप नमते.

कॅथेड्रलपासून थोडे चालत गेले की गोदी लागते. समुद्रापासून इतक्या आत बंदर कसे, असा प्रश्न साहजिकच पडतो. पहिल्या एलिझाबेथ राणीने १५८० मध्ये ग्लॉस्टरला बंदराचा दर्जा दिला होता. परंतु सेव्हर्नची वळणे, वाळूचे दांडे आणि प्रचंड भरती-ओहोटी यांमुळे मोठी जहाजे नगरापर्यंत आणणे धोक्याचे होते. म्हणून १७९३ मध्ये कालव्याला संसदेची मंजुरी मिळाली. काम अर्ध्यावरही पोहोचले नाही तोच भांडवल संपले. अखेर सरकारी कर्जाचा आधार मिळाला आणि १८२७ मध्ये शार्पनेसपर्यंतचा १६ मैलांचा कालवा खुला झाला. १८४६ मध्ये धान्य-आयातीवरील जाचक कायदे रद्द झाले, तेव्हा परदेशी गहू साठविण्यासाठी विटांची उंच गोदामे एकापाठोपाठ उभी राहिली. आज त्यांत निवासस्थाने व कार्यालये आहेत. लँथनी गोदामात जलमार्गांचे संग्रहालय आहे.

व्यापारी कुटुंबांतील प्रवाशांनी येथील एक कथा अवश्य ऐकावी. वेस्टगेट रस्त्यावरील कापडाच्या दुकानातच जेम्स वुड याची पिढीजात पेढी चालत असे. १७१६ मध्ये स्थापन झालेली ही पेढी ब्रिटनमधील जुन्या खासगी पेढ्यांपैकी एक होती. मालक अपार श्रीमंत. पण कंजूषपणाबद्दल प्रसिद्ध. बोटींतून उतरविताना सांडलेले कोळशाचे तुकडे गोळा करण्यासाठी तो गोदीवर जाई आणि खिसे भरून परते, असे लोक सांगत. १८३६ मध्ये तो अविवाहित वारला, तेव्हा मागे सुमारे नऊ लाख पौंडांची संपत्ती होती. मृत्युपत्राच्या पुरवणीवरून वर्षानुवर्षे खटले चालले, संपत्तीचा मोठा भाग त्यांत खर्ची पडला आणि वाट्यासाठी झगडणाऱ्या नगरपालिकेच्या हाती काहीच आले नाही.

त्याच नगरात रॉबर्ट रेक्स नावाचा वृत्तपत्र-मालक होऊन गेला. आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांना रविवारी तरी अक्षरओळख व्हावी, म्हणून त्याने १७८० मध्ये रविवारच्या शाळेला चालना दिली. पुढे ही चळवळ देशभर पसरली. सेंट मेरी डी क्रिप्ट या एकाच चर्चमध्ये रेक्स आणि वुड या दोघांचेही दफन झाले.

जैन कुटुंबांत अपरिग्रहाचा अणुव्रत म्हणून उपदेश बालपणापासून कानी पडतो. हे व्रत व्यापार सोडण्यास सांगत नाही. संग्रहाला मर्यादा घालण्यास सांगते. हिशेबात काटकसर वुडनेही केली होती. परंतु कोणासाठी, हा प्रश्न शेवटी वकिलांच्या हाती गेला. रेक्सने मात्र आपल्या हयातीतच द्यायला सुरुवात केली. ग्लॉस्टरला जाणाऱ्याने गोदी आणि कॅथेड्रल पाहून झाल्यावर थोडा वेळ या लहानशा चर्चसाठीही राखून ठेवावा.