येवल्याचा पीतांबर

घरांत मुंज निघाली म्हणजे मांडव, आचारी आणि याद्या यांची चर्चा महिनाभर चालते. पुरुषांच्या सोवळ्याची आठवण मात्र बहुधा आदल्या आठवड्यांत होते. मग कोणी तरी बाजारांत जातो आणि नाडी लावून शिवलेलें, झगझगीत काठाचें तयार सोवळें घेऊन येतो. तें रेशमाचें आहे कीं नाहीं हें विचारण्याचेंही त्यास सुचत नाहीं. बायकांचीं लुगडीं घेतांना घरोघर जी चिकित्सा होते तिचा चतुर्थांशही या वस्त्राच्या वांट्यास येत नाहीं. यंदा आमच्या एकत्र कुटुंबांत दोन मुंजी एकाच मांडवांत करावयाच्या ठरल्या. बटूंच्या वडिलांस खरे पीतांबरच पाहिजेत असा वडील मंडळींनीं आग्रह धरला, आणि आम्ही थेट येवल्यास गेलों.

दौंड-मनमाड लोहमार्गावर कोपरगांव सोडलें, गोदावरी मागें पडली, कीं पुढें येवलें येतें. गांव तालुक्याचें, मुलूख कोरडा. रघोजी नाईक यांनीं गुजराथेंतून कारागीर आणून येथें रेशमाचा धंदा वसविला असें सांगतात. १८५७ च्या युद्धांतील सेनानी तात्या टोपे यांचें जन्मस्थान हेंच, आणि संक्रांतीस येथें पतंगांची जी धमाल उडते तिची ख्याति दूरवर आहे. परंतु येवल्याचें नांव आज सर्वतोमुखी आहे तें पैठणीमुळें. नांव पैठणचें, पण माग येवल्यास, अशी स्थिति कित्येक वर्षांची आहे. २०१० सालीं पैठणीस भौगोलिक निर्देशनाचें सरकारी संरक्षणही मिळालें.

दुकानांत शिरलें कीं पैठणीच पुढें येते. मोर, मुनिया, आसावली, कमळ, नारळी काठ. एकेक उलगडूं लागली म्हणजे बरोबरच्या स्त्रीवर्गाचें भान राहत नाहीं, आणि पीतांबराची गोष्ट काढण्यास आमच्यासारख्यांना थोडें धैर्यच करावें लागतें. तो आंतल्या कपाटांतून निघतो. मागणी नाहीं, असें दुकानदारानें सरळ सांगितलें. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत पुरुष कमरेस चौकड्यांच्या लोंकरी कापडाचा, चुण्या घातलेला किल्ट नेसतात. तें कापड घेतांना आपल्या घराण्याची चौकडी कोणती येथपासून चौकशी सुरू होते. आणि चांगल्या किल्टची खालची कड दुमडून शिवीत नाहींत, कापडाचा मूळ काठच खालीं येतो. त्या पोशाखावर १७४६ च्या कायद्यानें बंदी आली, ती १७८२ सालीं उठली, आणि पुढें लोकांनीं तो मोठ्या हौसेनें जपला. आमच्या पीतांबरावर कोणीं बंदी घातलेली नाहीं. आम्हीच तो कपाटांत ठेवला आहे.

आतां पारख. प्रथम रेशीम. कापडाच्या कडेचे दोन धागे मागून घ्यावे आणि जाळून पाहावे. जळत्या केंसासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम खरें. धागा वितळून त्याची कठीण गोळी झाली तर तें कापड कारखान्यांत रसायनांपासून झालेलें समजावें, मग त्याची झळाळी कितीही असो. सिल्क मार्कची खूण असल्यास उत्तमच. पण धाग्याची साक्ष अधिक खरी. दुसरें वजन. जड तें चांगलें असा एक समज आहे. परंतु खळ भरूनही कापड जड करतां येतें; म्हणून एक कोपरा दोन्ही हातांनीं चोळून पाहावा, पांढरी पूड झडली तर सावध व्हावें. तिसरा रंग: ओला पांढरा रुमाल काठाच्या आंतल्या बाजूस घासावा. काठ पैठणी पद्धतीनें विणलेला आहे असें सांगत असतील तर कापड उलटें करावें. त्या विणींत प्रत्येक रंगाची निराळी कांडी हातानें फिरवून शेजारच्या धाग्यांत अडकवितात, म्हणून नक्षी दोन्ही अंगांनीं सारखीच दिसते. मागें लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर तो काठ त्या जातीचा नव्हे. जर कोणती, चांदीची कीं तांब्याची, हें पावतीवर लिहून घ्यावें. तोंडीं सगळी जर चांदीचीच असते!

आतां एक नाजूक गोष्ट. बाजारांत 'शिवलेलें सोवळें' मिळतें. हे दोन शब्द एकत्र उच्चारतांना आमच्या घरांतील आजीबाईंस हंसूं आवरत नाहीं. सोवळें तें, ज्यास सुईही शिवूं नये आणि माणूसही. पण आम्ही एका विणकराच्या घरीं माग पाहण्यास गेलों, तेव्हां हा विनोद थोडा बोंचूं लागला. रेशीम बहुतेक कर्नाटकांतलें, जर सुरतेची. कोणी उकलतो, कोणी रंगवितो, घरच्या बायका कांड्या भरतात, आणि साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा नाना जातींच्या हातांनीं या गांवचें रेशीम विणलें गेलें आहे. रेशमास विटाळ नाहीं, असें म्हणून आपण तें खुशाल नेसतों. विटाळ ठेवला तो माणसास.

आणि गांव तरी कोणतें? नाशिकच्या काळाराम मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून १९३० सालीं सुरू झालेला सत्याग्रह पांच वर्षें चालूनही दार उघडलें नाहीं, तेव्हां १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, ही घोषणा केली ती याच येवल्यांत. त्या जागेस मुक्तिभूमि म्हणतात. तेथें स्मारक आहे. पीतांबरासाठीं येवल्यास येणारानें तेथें न जातां परतूं नये असें आम्हांस वाटतें. आमच्याबरोबर वडील काका होते. त्यांचें सोवळें आजवर कडक. ते तेथें कांहीं बोलले नाहींत, स्टेशनच्या वाटेवर मात्र म्हणाले, "यंदा मांडवांत 'शिवूं नका' हा शब्द मला ऐकूं येतां कामा नये. मुलांचे सगळे मित्र पंगतीला बसतील, आणि बटूजवळ बसतील."

पीतांबर तयार मालांतला घेतला नाहीं. दुकानांत होते त्यांची रुंदी आमच्या मंडळींस अपुरी. घरचें नेहमींचें धोतर मोजून लांबी-रुंदी कागदावर लिहून नेली होती, तिचा येथें उपयोग झाला. एक जांभळा व एक केशरी, काठ अरुंद, जर बेताची, असे दोन मागावर घालण्यास सांगितले. किंमत शिवलेल्या सोवळ्याच्या कित्येक पट आहे, आणि ती ऐकून घरीं एक दिवस चर्चा झाली. शेवटीं मांडवाच्या रोषणाईंतून रक्कम कापावयाची ठरली. बयाणा दिला आहे. माल चैत्राच्या आरंभीं मिळावयाचा आहे.