खजुरीचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. घर विकून पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर बहुधा आला नसावा. नाहीतर त्यांनी या म्हणीला तिसरा चरण खचित जोडला असता. आम्हां तिघां भावंडांवर तो प्रसंग आला आणि खजुरीचे आमचे घर विकण्यात आमची साडेसहा वर्षे गेली. आमच्या वाचकांपैकी अनेकांची अशी कुलूपबंद घरे गावोगाव उभी आहेत, हे आम्ही जाणतो. म्हणून ही हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

खजुरी हे आळंद तालुक्यातले गाव. कलबुर्गी जिल्ह्याच्या टोकाला, उमरग्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निजामाच्या जुन्या राज्याचे तीन वाटे झाले, तेव्हा उमरगा मुंबई राज्यात गेले आणि आळंद म्हैसूर राज्यात. सरहद्द मध्ये आली, पण सोयरिकी आणि बाजारहाट तसेच चालू राहिले. आमच्या घरात मराठी, दारात कानडी आणि पेटीतल्या कागदांवर उर्दू, अशी तिहेरी वस्ती होती. आजोबांनी हे घर फसली सन १३४१ मध्ये, म्हणजे १९३१-३२ च्या सुमारास, खरेदी केले. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर माळवद, पुढे देवडी, मग ओसरी, आत माजघर आणि परसात आड. वडील १९९१ साली गेले, आई २०१४ साली. तिच्यामागे दाराला कुलूप लागले. आम्ही एक सोलापुरास, एक पुण्यास, एक हैदराबादेस. २०१८ च्या दिवाळीत तिघांनी एकत्र बसून ठरवले की घर विकावे.

आमची पहिली चूक आकड्याची. घराची किंमत आम्ही आठवणींवरून ठरवली. आजोबांनी लावलेले सागवान, आईने सारवलेली ओसरी, आमच्या मुंजीचा मांडव, या सगळ्यांची बेरीज करून आम्ही जो आकडा सांगितला, त्या पैशात उमरग्यासारख्या गावात सडकेवरचा मोकळा भूखंड मिळत होता. गिऱ्हाइकाला आमच्या मुंजीशी काय कर्तव्य? एका मध्यस्थाने मात्र "याहून जास्त मिळवून देतो" असे सांगून आम्हांला दोन वर्षे झुलवत ठेवले. जो सगळ्यांत मोठा आकडा सांगतो तोच आपला हितकर्ता, असे विकणाऱ्याला नेहमी वाटते, आम्हांलाही वाटले. मग २०२० साल उजाडले. साथीमुळे सरहद्दीवर चौक्या बसल्या आणि गावाकडे जाणेच खुंटले.

दुसरी चूक कुलपाची. माळवद हे सांभाळावे लागणारे छप्पर आहे. दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर पांढरी माती टाकून ती चोपावी लागते. दोन पावसाळे ती टाकली नाही की पाणी मुरते, तुळया कुजतात आणि दार उघडताच ओलीचा दर्प येतो. पाहायला येणारा माणूस आधी नाकाने घर पाहतो, मग डोळ्यांनी. आमचे घर नाकाच्याच परीक्षेत नापास होत होते.

तिसरी चूक सांगताना अजूनही संकोच वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि वरचे मणामणांचे माळवद यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या धक्क्याने आमच्या पूर्वेच्या भिंतीला एक उभी भेग पडली होती. वास्तविक त्या दिवसापासून या सगळ्या टापूत माळवदाच्या घराची पतच गेली. ज्याला परवडेल तो पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली जाऊ लागला. गिऱ्हाईक न येण्याचे मूळ कारण तेच होते. आम्ही मात्र त्या भेगेवर चुन्याचा हात फिरवला. उमरग्याहून आलेल्या एका गृहस्थांनी भिंतीवर बोटांनी टकटक केले, आमच्याकडे पाहिले आणि चहासुद्धा न घेता ते निघून गेले. त्या दिवशी विक्री गेली याचे दुःख थोडे. आपण पकडले गेलो याची लाज अधिक.

यानंतर आले सागवानाचे व्यापारी. जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि नक्षीची दारे शहरातल्या बंगल्यांसाठी विकत घेण्याचा हा धंदा आहे. त्यांनी लाकडाची बरी किंमत सांगितली आणि आम्ही जवळजवळ हो म्हणालो. कागद तयार करायला घेतले, तेव्हा कळले की घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. आजोबा १९६८ साली मृत्युपत्र न करता गेले. त्यांना मुले दोन: आमचे वडील आणि आमची आत्या.

आत्या १९६० साली लग्न होऊन अक्कलकोटास गेली. घर विकण्याची चर्चा आम्ही चार वर्षे करीत होतो आणि तिला त्याचा शब्दही विचारला नव्हता. आम्ही वकिलाकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले आणि एका भाच्याच्या हाती तिच्या सहीसाठी पाठवून दिले. कागद कोरा परत आला. सोबत निरोप होता: "माझ्या बापाचं घर विकताय, मला सांगायला तुम्हांला पाय नव्हते का?"

वकिलांनी आमचे डोळे उघडले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. राहत्या घराची वाटणी आपण होऊन मागण्याची तिला मनाई होती. तीही २००५ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे आम्ही तिघे मिळून निम्म्या घराचे धनी, आणि एकटी आत्या निम्म्याची धनीण. जिला आम्ही सहीपुरती गृहीत धरली होती, ती आमच्या प्रत्येकाहून तिप्पट वाट्याची मालकीण निघाली.

आम्ही तिघे अक्कलकोटास गेलो. ब्याऐंशी वर्षांची आत्या खाटेवर बसून होती. आम्ही चूक कबूल केली आणि म्हटले, हक्कसोड नको. तू आमच्याबरोबर विकणारी म्हणून सही कर आणि निम्मे पैसे घे. तिने पैशाबद्दल काहीच विचारले नाही. म्हणाली, "लाकूडवाला तुळया काढून नेईल. मग राहिलेल्या ढिगाऱ्याचं काय करणार? तो उचलायला पैसे कोण देणार, आणि ढिगारा विकत कोण घेणार?" या हिशेबाचा आम्ही विचारच केला नव्हता. क्षणभर थांबून तिने विचारले, "शेजाऱ्याला विचारलंत का?"

शेजाऱ्याला आम्ही विचारले नव्हते, कारण आम्ही त्यांच्याशी बोलत नव्हतो. आमच्या माळवदाच्या पन्हाळीचे पाणी त्यांच्या अंगणात पडे. त्यावरून वडिलांच्या वेळी भांडण झाले आणि चाळीस वर्षे दोन्ही घरांनी अबोला धरला. पुण्यातल्या नि हैदराबादेतल्या लोकांना आम्ही घराची छायाचित्रे पाठवीत होतो, आणि ज्याची भिंत आमच्या भिंतीला लागून होती त्याला घर विकायचे आहे हे आमच्या तोंडून कळले नव्हते. आत्या हसून म्हणाली, "भांडण तुमच्या बापाचं. अप्पाच्या आईनं मला येळवसेचे उंडे दर वर्षी धाडले."

तो संकेत आम्ही ओळखला. ३० डिसेंबर २०२४ रोजी वेळ अमावास्या होती. लातूर, धाराशिवपासून बीदर, कलबुर्गीपर्यंत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना हा सण सारखाच मोठा. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात आणि येईल त्याला भज्जी, उंडे, आंबील वाढतात. त्या दिवशी आलेल्याला कोणी परत पाठवीत नाही. आत्याला गाडीत घालून आम्ही शेजाऱ्यांच्या शेतात गेलो. अप्पा क्षणभर पाहतच राहिले. मग कोपीतून पुढे येऊन म्हणाले, "बर्री, कुंद्रि," आणि घोंगडी झटकून त्यांनी आत्याला बसवले.

जेवण झाल्यावर आम्ही पन्हाळीपासून सुरुवात केली. झाले ते चुकले, म्हणालो. पूर्वेच्या भिंतीच्या भेगेचेही सांगितले. अप्पा म्हणाले, "ती भेग मला आमच्या बाजूनं तीस वर्षं दिसते आहे." घर त्यांना हवेच होते. थोरल्या मुलाचे लग्न ठरत होते आणि जागा अपुरी होती; पण आमचा आकडा ऐकून आणि आमचे तोंड पाहून त्यांनी कधी विषय काढला नव्हता. त्यांनी दिलेली किंमत आमच्या पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी अधिक होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आत्या म्हणाली, "बरोबर आहे."

पैशाची सोयही शेतानेच लावली. हा सगळा भाग तुरीचा. तूर हाती येते ती डिसेंबर ते फेब्रुवारीत, आणि शेतकऱ्याजवळ रोकड असते ती तेव्हाच. त्या हंगामात तुरीचा आधारभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. आम्ही मात्र आधीची सारी वर्षे मे महिन्यात, पोरांच्या सुट्या पाहून, घर दाखवायला जात होतो; म्हणजे नेमके अशा वेळी की गावातला पैसा बियाण्याखताकडे वळलेला असे. इसार त्याच आठवड्यात झाला. उरलेली रक्कम तूर विकल्यावर देण्याचे ठरले.

मधल्या तीन महिन्यांत कागद पुरे केले. आजोबांचे उर्दू खरेदीखत आळंदच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दिले. वारसांची नोंद लागली, ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू नोंदीचे उतारे निघाले, घरावर बोजा नसल्याचा दाखला मिळाला. हे काम गिऱ्हाईक मिळाल्यावर नव्हे, गिऱ्हाईक शोधण्याआधी करायचे असते. कागद तयार नसलेल्या घराला मंदीच्या दिवसांत कोणी थांबत नाही. ज्यांना असे घर विकायचे आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे: आधी सगळ्या वारसांना विचारा, विशेषतः बहिणींना नि आत्यांना, मग कागद, मग छप्पर, मग खरी किंमत, आणि सर्वांत आधी शेजारी.

२०२५ च्या अक्षय्य तृतीयेच्या आधी आळंदास खरेदीखत नोंदले गेले. विकणारांत पहिले नाव आत्याचे होते. लेखनिकाने ते मोठ्याने वाचले तेव्हा तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले. आपल्या वाट्याचे पैसे तिने आपल्याच नावाने बँकेत ठेवले. त्यांचे काय करणार, हे आम्ही विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी अप्पांचा दूरध्वनी आला. पूर्वेची भिंत उतरवली होती. देवडी आणि ओसरी ठेवली होती. "पन्हाळ तशीच आहे," ते म्हणाले, "पाणी आता आमचंच आमच्या अंगणात पडतं." आम्ही हसलो, तेही हसले. मग पलीकडून पावसाचा आवाज येत राहिला आणि थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.