बडोद्याची सुरती शेळी

वसई रोडहून सुटलेली गाडी भडोचपाशी नर्मदेचे विस्तीर्ण पात्र ओलांडू लागली, की बडोदे जवळ आल्याची खूण पटते. मराठी माणसास हे नगर परके वाटत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका शेतकरी घरातील बालक १८७५ साली येथील गादीवर बसले व पुढे सयाजीराव महाराज म्हणून नावारूपास आले. १९०६ साली त्यांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपल्या ख्रिस्तसभेच्या दृष्टीनेही हे नाते जवळचे आहे. बडोद्याचा धर्मप्रांत १९६६ साली स्वतंत्र होईपर्यंत तो मुंबईच्या धर्मप्रांताचाच भाग होता. उन्हाळ्यात एका स्नेही धर्मगुरूंच्या आमंत्रणावरून मी तेथे गेलो, रोझरी कॅथेड्रलमध्ये मिस्सा अर्पण केली, लक्ष्मीविलास राजवाडाही पाहिला. परंतु वाचकहो, आज मला सांगावयाचे आहे ते राजवाड्याविषयी नव्हे, शेळीविषयी!

दुसऱ्या दिवशी ते मला पाद्रा तालुक्यातील एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी घेऊन गेले. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत सात-आठ पांढऱ्याशुभ्र शेळ्या बांधलेल्या होत्या. पाय आखूड, बांधा लहान, पण कास भरदार. हीच सुरती शेळी. नाव सुरतेचे असले तरी सुरत आणि बडोदे हे दोन्ही प्रांत तिचे माहेर होत. या जातीत मादीच नरापेक्षा किंचित वजनदार असते. मादी सुमारे ३२ किलो, तर नर ३० किलोच्या आतबाहेर. आखूड पायांमुळे तिला रानोमाळ भटकणे जमत नाही. मात्र दावणीला बांधून पाला, कडबा व मूठभर पेंड दिली तर ती संतुष्ट असते. उत्तम निगा राखल्यास चांगली शेळी दिवसाला दीड-दोन लिटर दूध देते. शेळ्यांना डावीकडे उभे करणारा दाखला आम्ही धर्मगुरू अनेकदा समजावून सांगतो, म्हणून की काय, शेळी हे हलक्या प्रतीचे जनावर अशी आपली समजूत झाली आहे. ज्याला गाय परवडत नाही त्याच्या मुलाबाळांचे दूध तिच्यापासूनच येते, हे आपण विसरतो.

घरातील वृद्ध माउली मला सर्व दाखवीत होत्या. पाला जमिनीवर न टाकता टांगून ठेवलेला, गोठ्याची जमीन कोरडी, बोकड दुभत्या शेळ्यांपासून दूर बांधलेला. कारण त्याचा उग्र वास दुधास लागतो. शेळी पाच महिने गाभण राहते. त्यांतील अखेरचे दोन महिने त्या तिचे दूध काढीत नाहीत. करडू जन्मले की तासाभराच्या आत त्यास आईचा चीक पाजतात. पावसाळ्यापूर्वी जंताचे औषध आणि आंत्रविषाराची लस चुकत नाही. “आणि बोकड कसा निवडता?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “बोकडाचे दूध त्याच्या आईत पाहावे, फादर.”

त्याच वेळी एक व्यापारी दारी आला. बकरी ईद पंधरा दिवसांवर होती. दावणीला दोन बोकड होते, एक देखणा, रुंद छातीचा, घरच्या सर्वांत दुभत्या शेळीचा, दुसरा बेताचा. व्यापाऱ्याने अर्थातच पहिल्यास हात घातला आणि चांगली किंमत सांगितली. माउलींचा मुलगा आनंदला. त्याच्या लेकीस परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि शुल्क भरावयाचे होते. माउली मात्र नको म्हणाल्या.

मुलगा कळवळून म्हणाला, “आई, हा आपल्या काय कामाचा? या शेळ्या तर याच्या आई-बहिणी. मग ठेवावयाचा तरी कोणासाठी?”

“पलीकडच्या गावच्या घरासाठी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्यांचा बोकड आपल्याकडे यायचा आहे. त्यांनीही तो आजच विकला तर?”

अखेर दुसरा बोकड आणि एक कमी दुधाची शेळी विकली गेली. रक्कम अपुरी पडली. उरलेली मुलाने उसनवार घेतली. तो नाराजच होता आणि मी त्यास दोष देणार नाही. नात मात्र काही न बोलता भांडे घेऊन दूध काढावयास बसली.

परतीच्या प्रवासात माझे मन मला खात होते. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात काही कुटुंबांना शेळ्या मिळवून देण्यात मी पुढाकार घेतला होता. चारा, गोठा, लस यांविषयी मी सविस्तर बोललो. परंतु बोकडाविषयी बोलावयास धर्मगुरू म्हणून मला संकोच वाटला. प्रत्येक घराने दरवर्षी उत्तम बोकड विकला. जो कोणी घेत नसे तोच मागे राहिला आणि पुढे आपल्याच लेकींवर फिरला. तीन-चार वर्षांत करडे दुबळी निपजू लागली, दूध घटले. लोकांनी नशिबास बोल लावला. दोष नशिबाचा नव्हता. मी न बोललेल्या शब्दांचा होता.

म्हणून आज तो संकोच सोडून लिहितो. शेळीचे गुण तिच्या करडांपुरते. पण एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांना पुरतो, म्हणून पुढच्या पिढीचे अर्धे गुण त्या एकट्याचे. तो दुभत्या आईचाच निवडावा. त्याच्या लेकी माजावर येण्यापूर्वी, म्हणजे दीड-दोन वर्षांनी, तो बदलावा. एकट्या घरास हे जमणार नाही. चार घरांनी मिळून अदलाबदल केली तर सहज जमेल.

आबेलाने आपल्या कळपातील उत्तम ते प्रभूला वाहिले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या माउलींनी आपले उत्तम ते शेजाऱ्यासाठी राखून ठेवले. त्या बोकडाच्या लेकी दूध देऊ लागतील तेव्हा दोन वर्षे उलटलेली असतील आणि ते दूध दुसऱ्याच्या घरात असेल. येत्या रविवारी मिस्सेनंतर ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी थोडा वेळ थांबावे. बोकडाविषयी बोलावयाचे आहे.